दादाची हॉनररी

फोन आला तेव्हा मी कामावर होते. बहरीनमध्ये अदलियातल्या एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर मी बसते, आणि सकाळी समोर रांग असतेच. स्क्रीनवर शाजीचं नाव दिसलं. शाजी हा माझ्या दादाचा रूममेट, केरळचा. तो मला एरवी कधी फोन करत नाही, म्हणून लगेच उचलला. "दीदी, सुधाकर भाई उठ नहीं रहे," तो म्हणाला. मी विचारलं, "उठ नहीं रहे मतलब?" तो म्हणाला, "ॲम्ब्युलन्स आया था. अब पोलीस आया है." समोर एक बाई आयडी कार्ड पुढे करून उभी होती. मी शाजीला थांबायला सांगितलं, बाईचं कार्ड घेतलं, नाव टाकलं, टोकन दिलं, बसून घ्या म्हटलं आणि मग फोन परत कानाला लावला. असं का केलं ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. दादा झोपेतच गेला, त्याला आता काही आठवडे झाले आणि माझं अजून तसंच चाललंय. कार्ड घेते, टोकन देते. रडू आलेलं नाही. भेटणारे लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतात, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

दादा झल्लाकच्या एका हॉटेलात चिलर टेक्निशियन होता. समुद्रावरची मोठी हॉटेलं थंड ठेवणारी यंत्रं खाली एका खोलीत घरघरत असतात, तिथे त्याची शिफ्ट. पण काय करता असं कुणी विचारलं की ही नोकरी तो दुसऱ्या नंबरला सांगायचा. पहिल्या नंबरला सांगायचा, "मी बेसबॉलचा अंपायर आहे." ऐकणारा हमखास हसायचा. मुंबई-पुण्याच्या लोकांना तर ती थापच वाटायची. पण आमच्या अमरावतीकडे शाळा-कॉलेजात बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खूप खेळतात, पोरं-पोरी राज्यापर्यंत जाऊन सर्टिफिकेटं आणतात, त्यावर कुणाकुणाला नोकऱ्याही लागल्या आहेत. दादा खेळाडू म्हणून बेताचाच होता. पण बॉल कुठून गेला हे त्याला दिसायचं. कॉलेजात असतानाच सरांनी त्याला बॉल झेलणाऱ्या कॅचरच्या मागे उभं केलं, आणि तो तिथेच रमला. बॉल आला की तो आधी नुसता पाहायचा, मग क्षणभर थांबायचा, आणि मगच हात वर करायचा. ही थांबायची सवय त्याला इतकी लागली की घरातही चहा घेतोस का म्हटलं तर उत्तर यायला वेळ लागायचा. आई वैतागायची. "चहाच हाय बापा, आउट नाई इचारून राहिली मी तुले," म्हणायची.

त्या काळी जिल्ह्यात स्पर्धा झाल्या की संध्याकाळी अंपायर लोकांना एकेक पाकीट मिळे. व्हाउचरवर इंग्रजीत 'ऑनरेरियम' छापलेलं असायचं, पण तेवढं लांबलचक कोण म्हणतो. आमच्याकडे सगळे 'हॉनररी' म्हणत. "हॉनररी भेटली का?" "भेटली ना, चाल, चहा पाजतो." मराठीत लिहायचं झालं तर मानधन. रक्कम किरकोळ, येण्याजाण्याचं भाडं जेमतेम सुटायचं. पण दादा ते पाकीट घरी येईपर्यंत उघडायचा नाही. आईच्या हातात द्यायचा, आणि ती उघडत असताना शेजारी उभा राहायचा. पैसे मोजलेले बघायचे नव्हते त्याला, आईने पाकीट उघडलेलं बघायचं होतं. त्याचा हिशेब साधा होता. ज्याला मॅचचे पैसे मिळतात तो प्रोफेशनल अंपायर. ज्याला मिळत नाहीत तो नुसता बघ्या, फक्त जरा जास्त जवळ उभा राहिलेला. हे तो मला बहरीनमध्येही बऱ्याचदा ऐकवायचा.

बहरीनला तो माझ्यानंतर आला. माझं लग्न होऊन मी बुसैतीनला राहत होते, माझ्या नवऱ्याने ओळखीत शब्द टाकला आणि दादाचा व्हिसा निघाला. वहिनी अमरावतीलाच राहिली, तिची अंगणवाडी होती. पहिली काही वर्षं दादाने इथे बेसबॉलचा विषयच काढला नाही. मग हॉटेलात उतरलेल्या काही अमेरिकन लोकांच्या सामानात त्याला बॅट दिसली. त्यांना विचारत विचारत तो रिफाच्या पुढच्या एका मैदानावर पोचला, वाळू दाबून सपाट केलेलं, कडेला जाळी ठोकलेली. तिथे थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी मॅचेस होतात. अमेरिकन असतात, फिलिपिनो असतात, जपानी कंपन्यांची एक टीम असते. ते सगळं डेव्ह नावाचा एक वयस्क अमेरिकन चालवतो. दादाने तिथे एका मॅचला अंपायरिंग करून दाखवलं आणि त्याच संध्याकाळी आमच्या घरी आला. जेवायला बसला, आणि नेहमीप्रमाणे जरा थांबून म्हणाला, "प्रज्ञे, ठरलं. हॉनररीवर घेतलं मले."

"किती देणार?" मी विचारलं. मी स्पष्टच विचारते, माझा स्वभाव आहे तो.

"मानधन मागाचं नसते, बाई. ते देतेत."

"अरे, पण आकडा?"

"तू ना, बनियाची पोर व्हायला पाह्यजे होती," असं म्हणून त्याने भाकरी मोडली. विषय खलास.

त्या हिवाळ्यात तो बदलला, हे खरं आहे. पदरचे पैसे घालून त्याने मास्क मागवला, छातीचं चिलखत मागवलं, होम प्लेट, म्हणजे बॅटरसमोर जमिनीत बसवलेली पाटी, झाडायला छोटा ब्रश आणला. प्लेट झाडताना अंपायर पिचरकडे, म्हणजे बॉल टाकणाऱ्याकडे, पाठ करून वाकतो, हे मला त्याने आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर वाकून दाखवलं. माझी मुलगी रिया इंग्रजी शाळेतली, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच येतं. तिने एकदा जेवताना विचारलं, "मामा, अमेरिकेत अंपायर्स, हाउ मच डू दे मेक?" झालं. हा प्रश्न दादाला फार आवडायचा, फक्त स्वतःबद्दल नसला पाहिजे. तो सांगायला लागला की सगळ्यात वरच्या लीगचा अंपायर वर्षाचे लाखांत डॉलर घेतो, विमान वेगळं, हॉटेल वेगळं. पण तसे मूठभरच. त्यांच्या खालचे बिचारे कित्येक वर्षं तुटपुंज्या पैशांवर या गावातून त्या गावात गाडी हाकत फिरतात, एकेका खोलीत दोघं झोपतात, आणि सीझन संपला की कुणी गोडाऊनमध्ये काम करतो, कुणी शाळेत शिकवतो. त्यातला एखादाच वर जातो. रिया म्हणाली, "दॅट्स सो अनफेअर." दादा म्हणाला, "असू दे. पण सगळ्यायले भेटते. कमी भेटते, पण भेटते." मी वाढत होते, त्यामुळे त्याच्या तोंडाकडे माझं लक्ष नव्हतं.

आता वहिनीबद्दल सांगायला हवं, कारण हा लेख खरं तर तिच्यामुळे लिहितेय. वंदनावहिनी अंगणवाडी सेविका आहे. पोरांना खाऊ घालणं, वजनं करणं, गरोदर बायांच्या घरी जाणं, आणि वर सरकार देईल ते आणखी एखादं काम. या सगळ्याला जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. पगार म्हटलं की हक्क येतो, रजा येते, पेन्शन येतं. मानधन म्हटलं की काहीच येत नाही, आणि जे यायचं तेही महिनोन्‌महिने येत नाही. वहिनी त्यासाठी कलेक्टर ऑफिससमोर बसलेली बाई आहे, उन्हात, घोषणा देत. म्हणजे आमच्या घरात मानधन या शब्दाची सगळ्यात जास्त माहिती कुणाला असेल तर तिला. पहिला सीझन संपला तरी दादाचं पाकीट आलं नव्हतं. दादाने तिला फोनवर तसं सांगितलं, मी शेजारीच होते, स्पीकर चालू होता.

वहिनी हसली. म्हणाली, "मानधन हाय ना? मंग उशिराच येईन. आमचं नाई का, सहा सहा महिने तुंबते अन् मंग एकदम पडते. तुमी मागू नका, वाईट दिसते. थांबा."

"इंशाल्ला," दादा म्हणाला, आणि दोघंही हसले.

म्हणून तो थांबला. दुसराही सीझन तसाच गेला. या काळात इथल्या आमच्या लोकांत एक प्रश्न पक्का झाला होता. भीमजयंतीचा कार्यक्रम असो नाहीतर कुणाच्या घरी वाढदिवस असो, दादा दिसला की कुणीतरी विचारणारच, "काय मग, अंपायरिंगचे किती मिळतात?" विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसायचं, गल्फमध्ये आपण सगळे एकमेकांना हेच तर विचारत असतो. पुण्याचे एक बँकवाले गृहस्थ तर खांद्यावर हात ठेवून विचारायचे. दादा क्षणभर थांबायचा, आणि म्हणायचा, "मानधन आहे." आकडा नाही. हा माणूस भरपूर कमावतोय आणि सांगत नाहीये, असं लोकांना वाटू लागलं. मलाही तसंच वाटलं. आणि अमरावतीला वहिनीलाही तसंच वाटू लागलं, तिथे मात्र प्रकरण वेगळं झालं.

नवरा परदेशात आहे, दर शुक्रवारी कुठेतरी जातो, म्हणतो पैसे मिळणार आहेत, आणि पैसे दिसत नाहीत. वहिनीने आधी गंमतीत विचारलं, मग रागाने विचारलं, मग विचारणंच बंद केलं. तिसऱ्या सीझनमध्ये तिने मला फोन केला. "प्रज्ञाताई, खरं सांगा. तुमच्या भावाचं तिकडं कोणी हाय का?" मी म्हटलं, वेड लागलंय का वहिनी, तो चिलर आणि अंपायरिंग सोडून कुणाकडे बघत नाही. "मंग त्यायचे शुक्रवारचे पैशे कुठी जातेत?" मी दादाला विचारलं, तेव्हा तो माझ्यावर पहिल्यांदा चिडला. "आले की देईन नं सगळ्यायले! मी काय खाऊन राहिलो का?" म्हणाला, आणि न जेवता निघून गेला. त्यानंतर तो आला, जेवला, सगळं नेहमीसारखं झालं. पण वहिनी आणि तो कामापुरतं बोलू लागले. दादा गेला तेव्हा त्यांच्यात असं होतं. देह घेऊन मी अमरावतीला गेले, जलदान विधी झाला. वहिनी सगळं नीट करत होती, आल्यागेल्याला पाणी देत होती, आणि चेहरा असा की जणू कुणा दुसऱ्याच्या घरचं कार्य आहे. माझाही चेहरा तसाच असणार.

मी परत आले. इथल्या लोकांनी एका हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. त्रिशरण-पंचशील झालं, दोघंचौघं बोलले. आणि मागच्या बाजूने डेव्ह आला, हातात टोपी, बरोबर दोन फिलिपिनो खेळाडू. त्याला बोलायची विनंती केली तेव्हा तो साधं, हळू इंग्रजी बोलला, सगळ्यांना कळावं म्हणून. म्हणाला, मी खूप अंपायर पाहिले, पण याच्यासारखा शांत माणूस पाहिला नाही. खेळाडू अंगावर ओरडत यायचे, आणि हा थांबायचा, आणि त्या थांबण्यानेच ते गार व्हायचे. मग तो म्हणाला, "आणि एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. या माणसाने माझ्याकडून एक फिल्स, एक पैसाही घेतला नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, तुझी फी किती? तो म्हणाला, ऑनररी, सर. मी म्हटलं, शुअर? तो म्हणाला, येस सर, ऑनररी ओन्ली." पुढच्या वर्षापासून लीगतर्फे त्याच्या नावाने बक्षीस ठेवणार आहोत, विनामूल्य सेवा करणाऱ्याला, असंही तो म्हणाला. हॉलमधल्या माना हलल्या. माझ्या मागे बसलेले ते बँकवाले गृहस्थ हळूच म्हणाले, "वा. केवढं मोठं मन."

मी हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली. ऑनररी म्हणजे इंग्रजीत बिनपैशाचं. मानद. आणि अमरावतीच्या मैदानावर हॉनररी म्हणजे पाकीट. दादाने डेव्हकडे पाकीट मागितलं होतं, त्याला जमेल तितक्या अदबीने. डेव्हने ऐकलं की याला काही नको. आणि त्यानंतर तीन हिवाळे दादा त्या पाकिटाची वाट पाहत होता, कारण मानधन मागायचं नसतं, कारण मानधन उशिरा येतं, कारण बायकोने सांगितलं होतं, थांबा. लीगला आणखी दोन अंपायर होते, त्यांचे पैसे परस्पर खात्यात जायचे, त्यामुळे मैदानावर पाकीट कधी कुणाला दिसलंच नाही; एवढं मला नंतर डेव्हकडून कळलं. बाकी सगळं मला तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या कळत गेलं. काहीतरी वाटायला हवं होतं. खुर्च्या आवरायला मदत केली आणि घरी आले.

वहिनीला सांगावं की नाही, यात बरेच दिवस गेले. सांगितलं तर तिला कळेल की तो काही लपवत नव्हता. पण हेही कळेल की आपला नवरा तीन वर्षं फुकट राबला आणि लाजेने ते बोलला नाही. यातलं तिला कमी काय लागेल ते मला ठरवता येईना. शेवटी एका शुक्रवारी सकाळी, जेव्हा तो मैदानावर असायचा त्या वेळी, मी फोन लावला. जयभीम झालं. मी सगळं सांगितलं, शब्दासकट.

"म्हंजे त्यायले एकदाही नाई भेटलं?" शेवटी तिने विचारलं.

"एकदाही नाही."

"अन् मी म्हणो, कोणाले देऊन राहिले..." मग ती म्हणाली, "तुमी त्या साहेबाले मागा."

"वहिनी, आता? तो गेल्यावर?"

"काऊन? काम तर करून गेले नं ते? मी मागून राहिली म्हणा. आमी कलेक्टरसमोर बसून मागतो, मले नाई लाज वाटत." आणि जरा थांबून म्हणाली, "पण ताई, मानधन म्हणू नका त्याले. पगार म्हणा."

डेव्हला मी क्लिनिकजवळच्या एका कॅफेत बोलावलं. सांगायला वेळ लागला, कारण माझ्या दादाचं चुकलं असं मला म्हणायचं नव्हतं आणि डेव्हचं चुकलं असंही नाही. त्याला समजलं तेव्हा त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण त्याने मला विचारलं का नाही?" तो म्हणाला. मी म्हटलं, "ही वॉज वेटिंग, डेव्ह." यापुढचं मला इंग्रजीत येत नव्हतं. इतरांना किती देता, असं मी विचारलं. पंधरा दिनार, तो म्हणाला, मॅचमागे. एवढी वर्षं सगळे दादाला जे विचारत होते त्याचं उत्तर पंधरा दिनार होतं, आणि ते खुद्द दादालाही माहीत नव्हतं. डेव्ह म्हणाला, सगळे देतो, पहिल्या मॅचपासूनचे. बक्षिसाचं काय करू, असंही त्याने विचारलं. मी म्हटलं, नाव राहू द्या, विनामूल्य हा शब्द काढा. त्याने मान हलवली.

परवा पैसे वहिनीच्या खात्यात पडले. तिचा फोन आला तेव्हा मी कामावरच होते, समोर रांग होती. या वेळी मी रांगेला थांबायला सांगितलं.

"ताई, बँकेचा मेसेज आला. विंग्रजीत काई लिवलं हाय. वाचून सांगा," वहिनी म्हणाली आणि अक्षरं एकेक करून सांगू लागली. मी ती जुळवली. अंपायर फी, आणि पुढे दादाचं नाव.

"म्हंजे काय लिवलं?"

"पगार, वहिनी. अंपायरचा पगार."

मागे अंगणवाडीतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता. मग फोनपासून तोंड जरा बाजूला करून ती तिथल्या मदतनीस बाईला सांगताना मला ऐकू आली, "आमच्या यायचा पगार आला वं," आणि तिथेच तिचा आवाज फुटला. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. ती रडत होती, पोरं ओरडत होती, आणि मी फोन ठेवला नाही.